रेंकोपासून अर्धी गल्ली वर

आमच्या वस्तीत कुणालाही पत्ता विचारा, तो आमच्या दारापासून सुरू होतो. तेल्माचं औषधाचं दुकान रेंकोपासून अर्धी गल्ली वर. दातांचे डॉक्टर बालादारेस रेंकोपासून एक गल्ली तळ्याकडे. भाजलेलं मांस आणि तळलेली केळी विकणारी बाई रेंकोच्या समोर, बदामाच्या झाडाखाली. मानाग्वा शहरात रस्त्यांच्या नावांनी कुणी चालत नाही. सूर्य उगवतो ती बाजू वर, मावळतो ती खाली, आणि तळं उत्तरेला. एवढं कळलं की माणूस हरवत नाही.

रेंको म्हणजे लंगडा, आणि हा रेंको म्हणजे माझा नवरा एवेनोर. दुकानाच्या पाटीवर निळ्या अक्षरांत 'सान क्रिस्पिन पादत्राणे' लिहिलंय, पण ती पाटी वाचून आत आलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. लहानपणी पोलिओने त्याचा एक पाय आखूड राहिला, पोरांनी मैदानात नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आमच्याकडे जाड्याला तोंडावर जाड्या म्हणतात, बुटक्याला बुटका, आणि तोही हसत ओ देतो. एवेनोरही ओ देतो. फक्त ओ देताना तो समोरच्याकडे बघत नाही, आणि हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

तो बूट बनवतो. ज्यांचा एक पाय आखूड, ज्यांचं पाऊल वाकडं, ज्यांची बोटं साखरेच्या दुखण्यात गेली, त्यांच्यासाठी. बुटाच्या आत बुचाचे थर असे बसवतो की बाहेरून जोड सारखा दिसावा. स्वतःचा पहिला बूट त्याने मासाया गावातल्या एका मास्तरच्या हाताखाली केला, आणि तेव्हापासून रस्त्यात परक्या माणसाला त्याची चाल ओळखू येत नाही. तरीही दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की हा स्टुलावरून उठत नाही. पावलाचा लाकडी फर्मा हवा, "नुबिया." कातडं हवं, "नुबिया." आरी हातातून पडली, "नुबिया." लग्न झाल्यापासून मी त्या दुकानात पळते आहे, आणि त्याबद्दल मी गप्प बसले असं कुणी म्हणणार नाही.

गेल्या वर्षी काम आटलं. जो डॉक्टर आमच्याकडे रोगी धाडायचा तो म्हातारा होऊन घरी बसला. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गेली. नवी कुठून येणार, ते कळेना. आमचा मुलगा ओस्मान कोस्टा रिकात, सान होसेला असतो. दर रविवारी फोनवर त्याचं एकच, की या आता इकडे, किती दिवस कातडी कापत बसणार. शेवटी एवेनोरने त्याला शब्द दिला. डिसेंबरात मारियाचा सण येतो, त्या ग्रितेरियापर्यंत काम आलं नाही तर फर्मे आणि मशीन विकायचं, दुकान बंद करायचं आणि तिकडे जायचं. मोबाइलची कव्हरं विकणारा एक माणूस पुढच्या खोलीचं माप टेपने घेऊनही गेला.

सान होसेचं माझं काही वाकडं नाही. पण ओस्मानचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसता येत नाही ते घर कसलं? आणि खरं सांगायचं तर मला माझी काळजी नव्हती. तापाने अंथरुणाला खिळला होता तेव्हा आरीवाचून या माणसाचे हात कसे होतात ते मी पाहिलंय. चादरीची शिवण उसवत बसला होता. तिकडे खिडकीत बसून तो वाळून जाईल, हीच भीती मला खात होती.

अशात एका रविवारी याओस्का जेवायला आली. ही माझी धर्मकन्या. बाप्तिस्म्यात मी तिला हातात धरली होती, म्हणून मला माद्रिना म्हणते आणि एवेनोरला पाद्रिनो. ती एका कचेरीत वेबसाइटची कामं करते. परदेशी हॉटेलांची पानं शोधात वर आणायची, हा तिचा धंदा. केळीच्या पानात उकडलेलं नाकातामाल सोडता सोडता तिने विचारलं, की तुमचंही एक पान होतं ना इंटरनेटवर?

होतं. माझ्या मावसबहिणीच्या जावयाने, एबेर्तोने केलेलं. एबेर्तो फ्रिज दुरुस्त करतो, बाप्तिस्म्याचे व्हिडिओ काढतो, आणि वेबसाइटही करतो. याओस्काने फोनवर पान उघडलं आणि आम्ही ते येण्याची वाट बघत बसलो. माझी कॉफी निवली. शेवटी पाटीचा एक भलामोठा फोटो आला. एबेर्तोने सगळा मजकूर त्या फोटोवरच छापला होता. त्याच्या खाली एक ओळ होती, 'आम्ही नेहमीच्या जागी.'

"हे काय?" याओस्काने विचारलं.

"पत्ता," एवेनोर म्हणाला.

"नेहमीच्या जागी म्हणजे कुठे?"

"इथे."

तिने कपाळाला हात लावला. मग आम्हाला समजेल असं सांगितलं. शोधणारं यंत्र आंधळं असतं. चित्रातलं लिहिलेलं त्याला धड वाचता येत नाही, ते फक्त पानावर टंकलेली अक्षरं वाचतं. कुणी काही विचारलं की ज्या पानावर त्याचं उत्तर सरळ लिहिलेलं सापडेल ते पान ते पुढे करतं. आमच्या पानावर त्याला सापडणार काय, तर माथ्यावर 'मुखपृष्ठ' आणि तळाला 'नेहमीच्या जागी'. 'मुखपृष्ठ' या नावाची जगात किती पानं असतील त्याची तिने मला कल्पना दिली, आणि मी मनातल्या मनात एबेर्तोचा उद्धार केला.

मग तिने शोधाच्या चौकटीत 'रेंको बूट मानाग्वा' असं लिहिलं. पहिलं आलं तेल्माचं औषधाचं दुकान. दुसरे डॉक्टर बालादारेस. तिसरी समोरची केळीवाली, तिच्या पोरीने पान केलंय म्हणे. चौथा कुणी टायरवाला, त्याला मी ओळखतही नाही. सगळ्यांच्या पत्त्यात आम्ही होतो. 'रेंकोच्या बुटांच्या दुकानापासून अर्धी गल्ली वर.' 'रेंकोच्या कोपऱ्यावरून तळ्याकडे.' आम्ही स्वतः कुठेच नव्हतो. सगळं मानाग्वा आमच्यावरून रस्ता शोधत होतं आणि आम्हीच तेवढे बेपत्ता.

मी तशीच उठून तेल्माकडे गेले. ती शांतपणे म्हणाली, "अगं, वर्षभर लोक मला बुटांसाठी फोन करतात. मी सांगते, औषधाच्या दुकानापासून अर्धी गल्ली खाली. ते विचारतात, औषधाचं दुकान कुठे. मी सांगते, रेंकोपासून अर्धी गल्ली वर."

"आणि मग?"

"मग ते ठेवून देतात."

हे तिने इतक्या गंभीरपणे सांगितलं की हसावं की तिचा अंबाडा ओढावा ते मला कळेना. मला का नाही सांगितलंस म्हणून विचारलं तर म्हणे, बाहेरगावचे लोक होते, एस्तेलीचे, चिनांदेगाचे, ते कशाला इतक्या लांब येतात.

घरी येईपर्यंत याओस्काने काय काय बदलायचं ते ठरवून ठेवलं होतं. फोटो हलके करायचे, म्हणजे पान पटकन उघडेल. प्रत्येक फोटोखाली तो कशाचा आहे ते शब्दांत लिहायचं. मजकूर चित्रातून काढून सरळ टंकायचा. आणि मुख्य म्हणजे पानाच्या माथ्यावर आपण कोण, काय करतो आणि कुठे, हे लोक ज्या शब्दांत शोधतात त्याच शब्दांत लिहायचं. इथपर्यंत एवेनोर मान डोलावत होता. त्या शब्दांवर येऊन घोडं अडलं.

तो आजवर फक्त 'खास काम' म्हणत आलाय. पाटीवर 'खास काम', पावतीवर 'खास काम'. याओस्का म्हणाली, आखूड पाय, वाकडं पाऊल, असं स्पष्ट लिहावं लागेल. त्याने कातडं कापायची रापी खाली ठेवली.

"माझ्या दुकानात कुणाच्या पायाला नाव ठेवत नाहीत," तो म्हणाला. "आई पोराला घेऊन येते. पोर ऐकत असतं. मी खास काम म्हणतो आणि तिला बरोबर कळतं."

"समोर बसलेली असते तेव्हा कळतं, पाद्रिनो. घरी बसून ती 'खास काम' शोधत नाही."

"आणखी काय?"

याओस्काने माझ्याकडे पाहिलं. मग धीर करून म्हणाली, "रेंको हे नावही घालावं लागेल. सगळे त्याच नावाने शोधतात."

तो हातातलं कातडं चोळत राहिला. "लोकांनी म्हणणं वेगळं," तो म्हणाला. "आपल्या दारावर आपण होऊन लिहिणं वेगळं." आणि उठून आत गेला.

माझं डोकं फिरलं. मी दारातूनच ऐकवलं, "अर्ध्या शहराचे दात तुझ्या नावावर उपटले जातात, म्हाताऱ्या, आणि तुझं तुलाच चालत नाही."  तो आठवडा आम्ही गायो पिंतोच्या, म्हणजे राजमा-भाताच्या, ताटल्या एकमेकांपुढे सरकवत जेवलो. मी चुकीचं बोलले असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. पण ते दारातून ओरडून सांगायचं नव्हतं, एवढं मात्र मला कळत होतं.

याओस्काने तोवर जमेल तेवढं केलं. फोटो बारीक केले, मजकूर टंकला, फोटोंखाली शब्द घातले. माथा मात्र कोरा ठेवला. पुढच्या रविवारी आली ती सरळ त्याच्या स्टुलाजवळ खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "काही लिहू नका. फक्त हे वाचा." लोक शोधाच्या चौकटीत आखूड पायांबद्दल काय काय विचारतात ते यंत्राकडून काढून घेता येतं, ते तिने आणलं होतं.

त्याने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागला. 'मुलीचा एक पाय आखूड बूट कुठे मिळेल.' 'एक बूट जाड एक पातळ शाळेत हसतात काय करावे.' 'आखूड पाय लपवता येतो का.'  पुढचं तो मनात वाचत राहिला. मी खांद्यावरून डोकावले. त्याचं बोट ज्या ओळीवर थांबलं होतं तिथे लिहिलं होतं, 'लंगडी मुलगी नाचू शकते का.'

"हे लोक हे कुणाला विचारतात?" त्याने विचारलं.

"कुणालाच नाही. यंत्राला."

"माणसाला का विचारत नाहीत?"

"तुम्ही लहानपणी कुणाला विचारलं होतं?"

मला वाटलं तो पुन्हा उठून आत जाणार. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. "लिही," तो म्हणाला.

मग तो सांगत गेला. यंत्राला नव्हे, समोर एखादी आई बसली आहे असं धरून. जुने बूट टाकू नका, घेऊन या, त्यांची झीज बघून मला चाल कळते. फरक थोडा असेल तर आतून भरता येतो, बाहेरून दिसत नाही. जास्त असेल तर जरासा दिसतो, आणि अजिबात दिसणार नाही असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. पोर वाढतं आहे तोवर बूट बदलावा लागतो, त्याला रागावू नका. याओस्का टंकत होती. लोकांचा एकेक प्रश्न तिने त्यांच्याच शब्दांत ठळक मथळा म्हणून घेतला आणि त्याखाली त्याचं उत्तर. हेच तर हवं असतं, असं ती मला हळूच म्हणाली. नाचाचा प्रश्न त्याने शेवटी घेतला.

"लिही, हो. नाचाचा बूट वेगळा करावा लागतो, टाच हलकी लागते. आधी सांगा म्हणजे वेळ मिळेल."

पानाच्या माथ्यावर काय, ते तिने विचारलं नाही. त्यानेच पावलाचा आकार काढायची पेन्सिल घेतली, नमुन्याच्या पुठ्ठ्यावर काहीतरी लिहिलं आणि तिच्याकडे सरकवलं. 'रेंको, मानाग्वा. एक पाय आखूड असलेल्यांसाठी बूट.' याओस्काने ते जसंच्या तसं घातलं.  

राहिला पत्ता. सगळ्यांचा पत्ता आमच्यापासून, मग आमचा कुठून? तेल्मापासून सांगू या, असं मी म्हटलं तर एवेनोरला ते अपमानाचं वाटलं. म्हणाला, जिथे लुसेरो थिएटर होतं तिथून दोन गल्ल्या खाली. लुसेरो भूकंपात पडलं तेव्हा याओस्काची आईसुद्धा परकरात होती. पोरीने हात टेकले. तेही लिहिलं, आणि त्याच्याखाली नकाशा लावला.

त्यानंतर काहीच झालं नाही. मी रोज विचारायची आणि ती सांगायची, की यंत्र दारोदार फिरून पानं वाचत असतं, आपल्या दारी यायला वेळ लागतो, आलं तरी लगेच विश्वास ठेवत नाही. एक निरोप आला तो बुटांचे आतले तळवे घाऊक विकणाऱ्याचा. नोव्हेंबर सरला. कव्हरवाला पुन्हा टेप घेऊन आला आणि मी त्याला पाणीही विचारलं नाही. एवेनोर फर्म्यांना तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला. तो दुपारी आडवा झाला की मी एकेक सोडून परत फळीवर ठेवायची. त्याला ते दिसत होतं. तो पुन्हा गुंडाळायचा.

मग एका सकाळी याओस्काने फोन करून सांगितलं, शोधून बघा. मी चष्मा शोधला, बोटाने एकेक अक्षर दाबलं. आखूड पायासाठी बूट. सगळ्यात वर आम्ही. खाली अगदी बारीक अक्षरांत, 'जुने बूट टाकू नका, घेऊन या.' तेल्मा कुठे दिसेना तेव्हा मला जरा जास्तच आनंद झाला, हे कबूल करते.

निरोप यायला लागले. ढीगभर नव्हेत. चिनांदेगाचा एक म्हातारा, ब्लूफील्ड्सची एक शिक्षिका. आणि सोमोतोच्या एका आईचा, लांबलचक, मुलीच्या बुटांच्या फोटोंसकट. ग्रितेरियाच्या दिवशी मानाग्वात बहिणीकडे येणार होती. एवेनोर फोटो मोठे करून करून बघत राहिला. पण दुकानाचं काय, ओस्मानला काय सांगायचं, यावर तोंडातून शब्द नाही.

ग्रितेरियाला आम्ही दारातच मारियाची वेदी मांडतो. संध्याकाळी लोक गात येतील म्हणून मी टोपल्यांत ऊस, संत्री आणि मिठाई भरत होते, तेवढ्यात त्या दोघी आल्या. आईने सोमोतोच्या रोस्कियांचा, मक्याच्या खुसखुशीत बिस्किटांचा, डबा छातीशी धरला होता. मुलगी दहाएक वर्षांची, तायरा नावाची. एका पायात जाड तळव्याचा काळा बूट, आणि चेहरा असा की कुणी हसलं तर मारायलाच धावेल. तिने दुकान बघितलं, वेदी बघितली, मग स्टुलावर बसलेल्या एवेनोरकडे बघितलं.

"रेंको तुम्हीच का?"

आईने तिला चिमटा काढला आणि लाल होऊन माफी मागायला लागली. माझे हात टोपलीत तसेच राहिले.

एवेनोरने मुलीच्या डोळ्यांत पाहिलं. "मीच," तो म्हणाला.

"मग चालून दाखवा."

"तायरा," आई कळवळून म्हणाली.

फर्मा लागणार म्हणून मी सवयीने फळीकडे निघाले होते. त्याने हाताने मला थांबवलं. उठला. दुकानातून चालत फळीपर्यंत गेला, वर्तमानपत्र सोडून लहानसा फर्मा काढला. मग सावकाश दारापर्यंत आला, वेदीवरच्या टोपलीतून तिच्यासाठी मिठाई उचलली, आणि परत गेला. परक्या माणसांसमोर, भर दुपारी, आपण होऊन. तायराची नजर पूर्ण वेळ जमिनीवर होती. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कुठला पाय?"

"ओळख."

"परत चाला."

तो परत चालला. तिची आई डबा धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. माझंही तेच झालं होतं, फक्त मी संत्र्यांवर ओणवी झाले म्हणून दिसलं नसेल.

तायराने बोट दाखवलं. चुकीच्या पायाकडे.

एवेनोर इतका हसला की समोरची केळीवाली बघायला आली. "बस," तो मुलीला म्हणाला, "आता तुझा बघू. आणि जुना जोड आणलास ना?" ती खुर्चीवर बसली, तो तिच्यापुढे पाट टाकून बसला, आणि पुठ्ठ्यावर तिच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवायला लागला. लागलं तसं पुन्हा पुन्हा उठून फळीकडे जात होता. मला एकदाही हाक मारली नाही. ओस्मानला काय सांगायचं ते मी त्याला विचारलं नाही. स्टूल रिकामं होतं, मी त्यावर जाऊन बसले.